सुटणारी गाठ

कोंडीराम गमरेची बोटं मी पहिल्यांदा पाहिली ती माझ्या माहीमच्या घराच्या पायरीवर. ब्याऐंशीचा गिरण्यांचा संप सुरू होऊन बरेच महिने लोटले होते. गुणवंती कोळीण नेहमीप्रमाणे मासळीची पाटी घेऊन पायरीवर बसली होती आणि पाटीची दोरी तुटली म्हणून तिचा मुलगा दत्तू वैतागला होता. त्याच्याबरोबर आलेल्या सडपातळ माणसाने दोरीची दोन्ही टोकं हातात घेतली. बोटांनी काय केलं ते मला दिसलंच नाही. दिसली ती बांधून झालेली गाठ, इतकी चपटी की वरून हात फिरवला तरी लागेना. मग त्याने सदऱ्याच्या आतून, गळ्यातल्या दोऱ्याला अडकवलेली बोटभर कात्री काढली, गाठीबाहेर उरलेली टोकं मुळाशी कापली आणि कात्री परत आत सोडली.

“पुन्हा एकदा करून दाखवा,” मी म्हणाले.

“आता ती सुटायची नाय, बाई,” तो हसून म्हणाला. “पाटी फाटंल, पण गाठ तशीच राहील.”

कोंडीराम मूळचा मंडणगडकडचा. मिसरूड फुटायच्या आत चुलत्याबरोबर मुंबईला आला आणि लोअर परळच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात लागला. यंत्रावर सूत गुंडाळलं जात असताना धागा तुटला की तो सांधायचा, हे त्याचं काम. दिवसभर तेच. गाठ जाड झाली तर पुढे मागावर अडते, सैल झाली तर सुटते, आणि टोक बाहेर राहिलं तर कापडावर गुठळी येते. तेव्हा गाठ घट्ट हवी, बारीक हवी आणि शेपटाशिवाय हवी. खात्यातले लोक पैज लावून त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधत आणि तो त्यांच्याकडून चहा उकळत असे. संपाआधीच्या मुंबईत अशी हजारो बोटं होती. आपल्या अंगावरच्या कापडात कुणाच्या बोटाखालच्या किती गाठी आहेत हा विचार मला त्या पायरीवर प्रथम सुचला, आणि मी माझ्या लुगड्याच्या पदराकडे पाहत राहिले.

संपात डिलाईल रोडच्या त्याच्या चाळीतली बरीच बिऱ्हाडं गावी गेली. ज्यांचं भाताचं खाचर होतं, त्यांना निदान जायला जागा होती. कोंडीरामच्या नावावर गावात एक कोनाडासुद्धा नव्हता, आणि दोन मुली इथल्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकत होत्या. दत्तू त्याच गिरणीत फिटर होता. त्याने आपल्या आईला विचारलं आणि कोंडीरामला घरच्या होडीवर घेतलं. वाट्याला जी मासळी येईल ती त्याची बायको सुंदराबाई परळच्या नाक्यावर बसून विकायची. त्या घरासाठी होडी म्हणजे मुंबईत राहणं होतं. होडी सुटली असती तर मुलींची शाळा सोडवून परत फिरावं लागलं असतं.

मिठी नदी माहीमला खाडीतून समुद्राला मिळते. भरती पुरी झाली की पाणी थोडा वेळ झोपल्यासारखं दिसतं. मग ओहोटी लागते, आणि नदीचं पाणी व समुद्राचं परत निघालेलं पाणी एकत्र होऊन असं धावतं की काठावर उभं राहून पाहणाराही एक पाऊल मागे सरतो. जिताड्यासारखा मोठा मासा त्याच वेळी तळाशी फिरतो. नांगर टाकला तर होडी एका जागी उभी राहते आणि मासा भेटत नाही. नुसती सोडली तर ती पाण्याबरोबर पळते आणि गळ तळाला लागत नाही. गुणवंतीच्या नवऱ्याने यावर उपाय काढला होता. दारूखान्यातून, जिथे जुनी जहाजं मोडतात तिथून, त्याने वाव-दोन वाव, म्हणजे पसरलेल्या हातांची एक-दोन मापं भरेल एवढी, जाड साखळी आणली. दोरीला बांधून ती तळावरून ओढत न्यायची. साखळी चिखलात घासत येते आणि होडी म्हाताऱ्या बैलासारखी सावकाश चालते. नवरा गेल्यावर ती साखळी दत्तूकडे आली.

पण साखळी अडूही शकते. तळाशी काय काय पडलेलं असतं, देवाला ठाऊक. ती कशात अडकली आणि होडीला घट्ट बांधलेली असली, तर मागून येणारं सगळं पाणी होडीवर चढतं आणि बांधलेलं टोक खाली ओढलं जातं. म्हणून होडीवरची गाठ अशी हवी की कितीही ताण आला तरी एका ओढीत सुटावी. तिचं एक लांब टोक मोकळं लोंबत ठेवतात. त्याला ते शेपूट म्हणतात. जीव त्या शेपटात असतो.

दत्तूने कोंडीरामला हे सगळं सांगितलं होतं. कोंडीरामने मान डोलावली होती. एके दिवशी दत्तू वल्ह्याशी खटपट करत असताना साखळीची दोरी कोंडीरामने बांधली. बांधून झाल्यावर ते लोंबणारं शेपूट त्याच्या डोळ्याला खुपलं. इतक्या वर्षांची सवय. हात सदऱ्यात गेला, कात्री बाहेर आली.

पुढचं मला दोघांनीही सांगितलं आहे, आणि दोघांच्या सांगण्यात फरक नाही. खाडीच्या तोंडाशी साखळी अडली. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, खाली झुकलं आणि पाणी आत यायला लागलं. दत्तूने शेपटासाठी हात घातला.

“शेपूट कुठंय रे?”

कोंडीरामचा हात गळ्यातल्या कात्रीकडे गेला.

दत्तूने गाठ बोटांनी उकलायचा प्रयत्न केला. तेवढ्यात होडी वळली, दोरी सरकली आणि त्याचा पंजा दोरी आणि होडीच्या काठामध्ये सापडला. कोयता मागे जाळ्याखाली होता. कोंडीरामला पोहता येत नव्हतं. कमरेएवढ्या पाण्यात गुडघे टेकून त्याने त्या बोटभर कात्रीने नायलॉनची दोरी कापायला घेतली. एकेक पीळ, एकेक धागा. शेवटचा पीळ आपोआप तुटला आणि होडी उसळून वर आली. साखळी गेली. दत्तूच्या पंजाची हाडं मोडली होती.

इस्पितळाच्या दारात गुणवंती कोंडीरामला म्हणाली, “तू वाईट माणूस नाय. पण माज्या होडीत परत पाय ठेवू नको.”

तिने आवाज चढवला नाही.

होडी चिखलात ओढून पालथी घातली गेली. दत्तूचा हात प्लास्टरमध्ये. कोंडीराम रोज चालत माहीमला यायचा, होडीपासून लांब, बांधावर बसायचा आणि हातातल्या दोरीच्या तुकड्याशी काहीतरी करायचा. कोळीवाड्यातला जयवंत जाता-येता विचारायचा, “काय रे गिरणीवाल्या, स्वेटर विणतोस काय?” कोंडीराम मान वर करायचा नाही.

मग एका सकाळी सुंदराबाई माझ्या पायरीवर आली. माझ्याकडे नव्हे, गुणवंतीकडे. गुणवंती बोंबील साफ करत होती आणि प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून दत्तू तिच्याशेजारी बसला होता.

“मावशी, ह्यांना होडीत घ्या, नायतर माझ्या घरातनं तरी बाहेर काढा.”

“का गो, मारतो काय?”

“मारतो. गाठी मारतो. खाटेच्या पायाला गाठ, स्टोव्हला गाठ, हंड्याच्या गळ्याला गाठ. सगळ्यांची शेपटं लोंबतात. काल शेजारच्या रमाबाईंनी गॅलरीतलं एक शेपूट नुसतं ओढून बघितलं, तर माळ्यावरचे सगळे कपडे खाली पानवाल्याच्या डोक्यावर. त्या म्हणाल्या, ह्याला जिन्याला बांधून ठेव. मी म्हटलं, बांधू कशानं, तो सोडवून येईल.”

गुणवंती हसली नाही, पण तिचा कोयता थांबला. “कात्री?”

“कात्री मुलींच्या दप्तरात दिली. कागद कापायला.”

“गाठ आली म्हणजे सगळं आलं नाय,” गुणवंती म्हणाली. “साखळी दहा वेळा अडते आणि आपली आपण सुटते. दर वेळी शेपूट ओढलंस तर मासा गेला, साखळी गेली, दिवस गेला. आणि ओढायचं तेव्हा नाय ओढलं, तर होडी गेली. कधी ओढायचं ते खाटेच्या पायाला बांधून कळत नाय.”

“मग कुठं कळतं?”

“पाण्यात.”

“तुम्ही पाण्यात जाऊ द्याल तर कळंल ना.”

गुणवंतीने एक बोंबील उचलला, नीट पाहिला आणि परत पाटीत ठेवला. मला वाटलं, आता ही हिला उठवून लावणार. तिने दत्तूकडे बघून सांगितलं, “मामाकडची साखळी आण. परवाच्या ओहोटीला मी बसतंय त्याच्यासंगती.”

“आये, तुला पोहता येत नाय.”

“बुडायला कशाला यायला पायजे?” ती म्हणाली, आणि मला विचारलं, “बाई, किती देऊ?”

कोळीवाड्यात बायका मासळी विकतात, जाळी विणतात, घर आणि बाजार दोन्ही चालवतात. पण ओहोटीच्या वेळी साखळीच्या होडीत बसत नाहीत. ही बातमी माझ्याआधी सगळीकडे पोचली. त्या सकाळी मी काठावर गेले तेव्हा सणाला जमावी तशी माणसं जमली होती.

“आत्या, विमा उतरवलास काय?” जयवंत ओरडला.

“तुजं नाव लावलंय,” गुणवंती म्हणाली. “रडशील तरी खरा.”

मी जवळ उभी होते, त्यामुळे कोंडीरामने साखळी कशी लावली ते मला पुरतं दिसलं. तसं पाहणं मला पुढे अनेकदा मिळालं, पण ते पहिलं पाहणं वेगळंच. त्याने आधी साखळी पाण्यात धुतली आणि प्रत्येक कडी अंगठ्याखालून जाऊ दिली. एक कडी झिजलेली वाटली तिथे थांबला, नखाने खरवडली, मग पुढे गेला. साखळी त्याने होडीच्या तळाशी मोकळी पडू दिली नाही. रुंद पाटीत गोल गोल बसवली, म्हणजे सुटताना वेटोळ्यात कुणाचा पाय सापडू नये. साखळीला दोरी, आणि दोरीच्या होडीकडच्या टोकाजवळ तेलाचा रिकामा, झाकण डांबराने बंद केलेला डबा. दोरी सोडून द्यावी लागली तर डबा तरंगत राहतो आणि साखळी कुठे आहे ते कळतं. दोरी त्याने होडीच्या बाजूला बांधली नाही. बाजूने ताण आला तर होडी आडवी होते. नाळेवरच्या खुंट्याला दोन फेरे आणि वर ती गाठ. शेपूट हातभर लांब ठेवलं आणि त्याला लाल चिंधी बांधली. कोयता मागे नाही, उजव्या हाताशी, लाकडात खोचलेला.

मग त्याने पाटीच्या भोवती पाय फिरवून पाहिला, की कुठे काही अडकतं का. एवढं सगळं चालू असताना काठावरची माणसं हळूहळू गप्प झाली होती. मी चर्चमध्ये आणि देवळात दोन्हीकडे बसलेली बाई आहे. तशी शांतता मी क्वचितच ऐकली आहे.

गुणवंतीने लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि सरळ नाळेजवळ जाऊन बसली.

“मावशी, मधे बसा,” कोंडीराम म्हणाला. “वजन पुढं येतंय.”

“येऊ दे.”

पाणी ओढायला लागलं होतं. होडी काठापासून सुटली तशी तिने वेग घेतला. कोंडीरामने साखळी फेकली नाही. हाताहाताने, कडीमागून कडी, पाण्यात सोडली. तिचा खळखळाट काठापर्यंत ऐकू आला आणि मग एकदम बंद झाला, कारण ती तळाला लागली होती. पळणारी होडी सावकाश झाली. नाळ प्रवाहाकडे वळली. एवढं मोठं पाणी धावतंय आणि त्याच्या मध्यावर दोन माणसं जवळजवळ चालण्याच्या वेगाने उतरतायत, हे मी प्रथमच पाहत होते.

गुणवंतीने बोट दाखवलं. दत्तू माझ्याशेजारी उभा होता. तो म्हणाला, “तिकडं नको, आये,” पण इतक्या हळू, की ते मलाच ऐकू आलं.

“तिकडे काय आहे?” मी विचारलं.

“जुन्या बांधाचे लोखंडी खांब. पाण्याखाली.”

कोंडीरामलाही ते माहीत होतं. त्याने काहीतरी म्हटलं. ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण गुणवंतीचं उत्तर सगळ्या काठाने ऐकलं.

“होडी कोणाची?”

त्याने वल्हं मारलं. होडी तिकडे सरकली.

पहिला हिसका बसला तेव्हा सुंदराबाईने माझा दंड धरला. नाळ खाली गेली, लाल चिंधी थरथरली. कोंडीरामचा हात शेपटावर होता. त्याने ओढलं नाही. तो मान एका बाजूला करून दोरीकडे पाहत होता, नव्हे, ऐकत होता. क्षणभराने साखळी आपली आपण सुटली आणि नाळ वर आली. काठावर कुणीतरी “हां” म्हणालं.

दुसरा हिसका तसा नव्हता. तो आला तो थांबलाच नाही. नाळ खाली गेली आणि जात राहिली. मागचं टोक पाण्याबाहेर निघालं, त्यावरचं शेवाळ दिसायला लागलं. पाणी होडीच्या काठावरून आत येत होतं, आधी पातळ, मग जाड. गुणवंतीच्या घोट्यांवर, पोटऱ्यांवर, गुडघ्यांवर. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती आणि पाण्याकडे पाहत नव्हती. ती कोंडीरामच्या तोंडाकडे पाहत होती. त्या बाईने आपला जीव आणि नवऱ्याची होडी अशी समोर मांडून ठेवली होती आणि एक शब्द बोलत नव्हती, की ओढ, की थांब.

दत्तूने नंतर मला सांगितलं, ताण पुरा भरला की ओली दोरी आवाज करते. आधी घोगरा, मग चढत जाणारा. आवाज चढत असेपर्यंत साखळी कुठेतरी सरकत असते, म्हणजे अजून आशा असते. तो एका जागी थांबला की साखळी पक्की रुतली. काठावर आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. आम्हाला फक्त कोंडीरामची वाकडी मान दिसत होती, आणि त्याचा हात.

हात हलला. जोरही लावल्यासारखा वाटला नाही. पडद्याची दोरी ओढावी तितकंच. खुंट्यावरचे फेरे फिरले, दोरी सापासारखी सळसळत पाण्यात गेली, डबा उडून तिच्यामागे गेला, आणि नाळ अशी उसळली की गुणवंती मागे आडवी पडली. होडी गोल फिरली, पाण्याने अर्धी भरलेली, आणि कोंडीराम वल्ह्यावर होता.

सुंदराबाईने माझा दंड सोडला तेव्हा तिथे तिच्या बोटांचे वळ होते.

ते लगेच परत आले नाहीत. दोघं होडीतलं पाणी उपसत बसले, आणि पाणी मंद झाल्यावर कोंडीराम डब्यापाशी गेला, तो उचलला, होडी वरच्या अंगाला नेली आणि उलट बाजूने साखळी ओढली. ती खांबावरून निघाली. चिखलाने माखलेली, पण सगळी. मी तोवर घरी जायला हवं होतं. आमच्यातलं कुणीच गेलं नाही.

होडी चिखलाला लागली. गुणवंती कमरेपर्यंत भिजली होती. ती कुणाचा हात न धरता उतरली आणि काठावर उभी राहून लुगड्याचा पदर पिळायला लागली. कोंडीराम होडीतच होता. त्याने पाटी होडीच्या काठावर ठेवली होती आणि साखळी पाण्यात बुडवून चिखल काढत होता. कडी एकही सुटत नव्हती.

जयवंत पुढे आला. त्याची स्वतःची होडी त्या महिन्यात दुरुस्तीला होती. “आत्या,” तो म्हणाला, “उद्या तुमची होडी जाणार काय? मला गळाची एक डोरी टाकायचीय, जागा असंल तर.”

गुणवंतीने पदराचं दुसरं टोक हातात घेतलं. “मना काय विचारतोस? नाखव्याला विचार.”

जयवंतने इकडे तिकडे पाहिलं. दत्तू प्लास्टरचा हात पोटाशी धरून उभा होता, पण गुणवंती त्याच्याकडे बघत नव्हती. त्या वस्तीत होडीच्या मुख्य माणसाला नाखवा म्हणतात, आणि परगावाहून, परजातीतून, गिरणीतून आलेल्या कुणाला तसं म्हटल्याचं तोवर कुणी ऐकलं नव्हतं. मग तो पाण्यात दोन पावलं उतरला.

“नाखवा,” तो म्हणाला, “उद्या जागा हाय काय?”

कोंडीरामने मान वर केली नाही. हातातली कडी धुऊन झाली, ती त्याने पाटीत ठेवली आणि पुढची उचलली.

“आधी भरती कशी येते ती बघू दे,” तो म्हणाला. “मग सांगतो.”